शनिवारचं वजन

आमच्या खेळात वजनी गट नसतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की आम्ही कुस्ती खेळतो. टेबल टेनिस. तीन ग्रॅमही भरत नाही असा चेंडू जाळीवरून इकडे-तिकडे मारायचा. तो मारणाऱ्या मुलीचं वजन किती असावं, हे जगातल्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तरी उल्हासनगरच्या आमच्या हॉलमध्ये दारातच वजनकाटा होता, आणि शनिवारी सकाळी त्याच्यावर चढल्याशिवाय बॅटला हात लावायला मिळायचा नाही.

कमळाकर सर काट्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. हातात द्रोण, द्रोणात कोपऱ्यावरच्या गाडीवरचं दाल-पकवान. पकवान मोडता मोडता ते आकडा मोठ्याने म्हणायचे, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा, आणि मग "नेक्स्ट". माझा आकडा मी इथे सांगणार नाही. तो पुष्कळ वेळा ओरडून झालेला आहे. माझ्या आकड्यामागे वर माझ्या गावावरून, बदलापूरच्या खरवईवरून, एक शेराही असायचा. "उन्नती, खरवईत अजून एवढा भात पिकतो का गं? मला वाटलं सगळे टॉवर झाले."

पोरी हसायच्या. सर तोंड पुसायचे. त्यांचं पोट मांडीवर टेकलेलं असायचं, पण त्या काट्यावर ते कधी चढले नाहीत.

आता कोणी म्हणेल, मग हॉल सोडायचा होता. आम्हाला या माणसाने आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून घडवलं. बॅट धरायला यांनी शिकवलं. पुराच्या दिवसांत रस्ते बंद असताना हे स्वतः स्कूटरवरून आम्हाला घरी पोचवायचे, गुडघाभर पाण्यातून. मग परदेशातल्या काड्यांसारख्या मुलींचे व्हिडिओ बघून यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं की पाय हलका तर खेळ हलका, आणि ते खूळ आमच्या ताटात उतरलं. वाईट माणूस असता तर मला रागवायला सोपं गेलं असतं.

त्यात आणखी एक रीत होती. ज्या मुलीचं आठवड्यात सगळ्यात जास्त वजन उतरलं, तिला पुढचा आठवडा एक नंबरचं टेबल. बाकीची टेबलं नुसत्या फरशीवर. एक नंबरच्या खाली लाल मॅट. फरशीवर रोज उड्या मारून ज्यांचे गुडघे ठणकतात त्यांनाच त्या मॅटची किंमत कळेल. त्या मॅटसाठी शुक्रवारपासून पोरी पाणी तोडायच्या. बाटल्या भरून आणायच्या आणि भरलेल्याच परत न्यायच्या.

वर्षभर एक नंबरचं टेबल वैष्णवीने कुणाला मिळू दिलं नाही.

वैष्णवी म्हणजे दुहेरीतली माझी जोडीदार. अंबरनाथ पश्चिमेला राहते. तिचे बाबा, नरेंद्रकाका, एमआयडीसीत कंपनीत आहेत. मी बदलापूरहून गाडी काढायचे, तिला वाटेत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी घ्यायचे आणि आम्ही पुढे उल्हासनगरला. दहा वर्षांची जोडी. ती डावखुरी, मी उजवी, त्यामुळे एकमेकींच्या पायात न येता फिरता यायचं. तिचा फोरहँड असा होता की चेंडू टेबलावर पडल्यावर पुढच्याच्या छातीवर उडी मारायचा. ज्युनियर राज्य स्पर्धा जिंकली तेव्हा गल्लीने तिचा बॅनर लावला होता, गोबऱ्या गालांचा, हातात चषक. बॅनर उन्हाने फिका झाला तरी कुणी काढला नाही. त्या बॅनरखाली उभी राहून ती माझी वाट बघायची, आणि वर्षभरात असं झालं की वरची आणि खालची एकच मुलगी आहे हे नवख्याला सांगूनही पटलं नसतं.

गाडीवर मागे ती बसलीय हेच कळेनासं झालं. स्पीडब्रेकर गेला की मी आरशात बघायचे, आहे की पडली.

"काय खाल्लंस?" मी विचारायचे.

"खाल्लं ना."

"काय?"

"काकडी. आणि मूग उकडलेले. यार तू आईसारखी नको करू."

माझ्या आईची तर वेगळीच तऱ्हा. वैष्णवी एकदा खरवईला आली तेव्हा आईने तिला दारातच धरून वरून खाली न्याहाळलं. "ही कशी सुकली गो पोर? आपली सुकट बरी हिच्यापरीस. बस, जेव आधी." आईने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. वैष्णवीने भाकरीचा पापुद्रा तेवढा सोलून खाल्ला आणि बाकीची भाकरी कालवणाखाली लपवली. आईने ते बघितलं. आमच्याकडे अन्न टाकलेलं चालत नाही, पण आईने ताट तसंच उचललं. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला भीती वाटली होती.

मग वैष्णवीचा फोरहँड पडायला लागला.

आधी जाळीच्या पट्टीला लागायचा, मग जाळीत. सर म्हणाले, "रबर मेलंय." आमच्या बॅटच्या लाकडावर रबर चिकटवलेलं असतं. ते जुनं झालं की चेंडूला पकडत नाही, चेंडू नुसता घसरतो. त्याला आम्ही रबर मेलं म्हणतो. सरांनी नवीन रबर मागवलं, स्वतः कात्रीने कापून चिकटवलं. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा जाळीत. पुन्हा रबर मेलं. दुसरं लावलं, जास्त मऊ. मग तिसरं. मग सरांनी लाकूडच बदललं, हलकं घेतलं. मीही त्या चर्चेत होते. रबराखालचा स्पंज पातळ घ्यावा की जाड, डिंक कमी लावावा की जास्त. आम्ही सगळे त्या बॅटला असे घेरून बसायचो, जशी काही आजारी तीच आहे.

एक दिवस ती बाथरूमला गेली आणि माझी बॅट पिशवीत होती म्हणून मी तिची उचलली. सहज सर्व्हिस टाकणाऱ्या मशीनसमोर उभी राहिले आणि एक फोरहँड मारला. चेंडू असा धरला गेला, असा वळून गेला की मला हातात झिणझिण्या आल्या. दुसरा मारला. तिसरा. रबर ठणठणीत जिवंत होतं. त्या बॅटला काही झालेलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन चेंडू टाकतच होतं आणि मी नुसती उभी होते, चेंडू अंगावर घेत. फोरहँड हाताने मारतात असं बाहेरच्यांना वाटतं. फोरहँड पायातून येतो, मांडीतून, कमरेतून. तिच्या अंगात मांडी उरली नव्हती, आणि आम्ही शहाणे रबर बदलत होतो.

ती परत आली तेव्हा मी सांगितलं. "रबर चांगलंय वैशू. तू खात नाहीस म्हणून होतंय हे."

ती बॅट घेऊन रुमालाने पुसत राहिली. मग म्हणाली, "तू शनिवारी काट्यावर चढताना तुझा चेहरा बघितलायस? तू जळतेस माझ्यावर."

"पाळी येते का तुला?"

"नाही येत. बरंच आहे ना, मॅचमध्ये टेन्शन नाही."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "तू तुझं बघ. तुझ्यामुळे ती दुहेरीत दोन पावलं मागे पडते." मी नरेंद्रकाकांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वैष्णवीचे चषक ओळीने. काका म्हणाले, "बाळा, आम्हाला ह्या खेळातलं काय कळतं? सरांनी तिला इथपर्यंत आणलं. शिबिराला निवड झाली की तिकडे मोठे डॉक्टर असतात, आहारतज्ज्ञ असतात. ते बघतील." आत ओट्याशी वैष्णवीची आई, बकुळाकाकू, उभी होती. ती वळली नाही, पण म्हणाली, "भात वाढताना माझा हात आखडतो गं. पोटच्या पोरीला वाढताना." एवढंच. मग कुकरची शिट्टी झाली.

राष्ट्रीय शिबिर. सगळं तिथे येऊन अडायचं. यंदाच्या राज्य स्पर्धेत महिला दुहेरी जिंकणारी जोडी शिबिराला जाणार होती, आणि स्पर्धा अंबरनाथलाच होती, घरच्या मैदानात म्हणावी तशी. आम्ही फायनलला पोचलो. कशा पोचलो ते मला विचारू नका. तिचे डोळे अजून तसेच होते, चेंडू समोरच्याच्या बॅटवरून सुटायच्या आधी तिला दिशा कळायची. ताकद नव्हती म्हणून ती चेंडू नुसता जागेवर ठेवून देत होती आणि मी मारत होते. तसं चाललं.

आणि फायनल आली शनिवारी.

मला वाटलं होतं, निदान आज नाही. सरांनी काटा गाडीत घालून आणला होता. हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे खुर्च्यांची रास होती, तिथे फरशीवर ठेवला. "सवय मोडायची नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, मी चढणार नाही. सर म्हणाले, "तू नको चढू. तुझं काय ते सगळ्यांना दिसतंच." वैष्णवी बूट काढून चढली. सरांनी आकडा म्हटला. तो आकडा ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या आकड्यासाठी तिने आदल्या दुपारपासून पाणी घेतलेलं नव्हतं. पोटात काय, तर घोटभर काळी कॉफी आणि अर्धं सफरचंद.

दुहेरीबद्दल एक सांगायला हवं. टेबल टेनिसच्या दुहेरीत जोडीदारांनी एकाआड एकच मारायचं. बॅडमिंटनमध्ये एकीला झेपलं नाही तर दुसरी तिचा चेंडू घेते. आमच्यात घेतला की पॉइंट गेला. तिचा चेंडू तिनेच मारायचा, मला कितीही दिसत असलं की ती पोचणार नाही, तरी बाजूला सरून तिला जागा द्यायची. दहा वर्षं मी हेच शिकले होते, तिला जागा द्यायला.

दोन-दोन गेम झाले. पाचव्यात आम्ही नऊ-सातने पुढे होतो. अकराला मॅच. दोन पॉइंट आणि शिबिर. पहिल्या रांगेत नरेंद्रकाका कंपनीच्या शर्टातच बसले होते, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले होते, आणि बकुळाकाकू पदराचं टोक मुठीत धरून.

समोरच्यांनी लांब सर्व्हिस टाकली. वैष्णवीने परत केली, त्यांनी ढकलला, मी मारला, त्यांनी उचलला, पुन्हा तिची पाळी. ती पुढे गेली, मारला, आणि तिचा तोल गेला. तिने मोकळा हात टेबलावर टेकला.

टेबलाला मोकळा हात लागला की पॉइंट समोरच्यांना. नियमच आहे. अंपायरने हात वर केला. नऊ-आठ.

"हात काय लावतेस टेबलाला!" सर ओरडले.

ती माझ्याकडे बघून हसली. ओठ पांढरे पडले होते. पुढच्या पॉइंटला तिने पुन्हा टेबल धरलं. या वेळी तोल गेला म्हणून नाही. धरून उभी राहायला. चेंडू अजून यायचा होता आणि ती टेबलाची कड पकडून डोळे मिटून उभी होती. नऊ-नऊ. चक्कर आलेल्या माणसाला हाताला लागेल ते धरू देतात. आमच्या खेळात त्याचा पॉइंट जातो.

सरांनी टाइमआउट घेतला. एक मिनिट मिळतं. वैष्णवी खुर्चीवर बसली. सर उकिडवे बसून तिला सांगत होते, लहान सर्व्हिस टाक, मधल्या रेघेवर टाक, दोन पॉइंट, मग हवं तेवढं झोप. मी माझ्या पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि तिच्या हातात दिलं.

तिने ते तोंडाजवळ नेलं. आणि थांबली. आणि सरांकडे बघितलं.

वीस वर्षांची मुलगी, राज्याची खेळाडू, भर हॉलमध्ये, चक्कर येत असताना एक घास खाऊ का म्हणून एका माणसाच्या तोंडाकडे बघत होती. मागितलंसुद्धा नाही तिने. नुसतं बघितलं.

"आत्ता नको," सर म्हणाले. "पोट जड होईल."

तिने केळं खाली ठेवलं.

मी उठले आणि अंपायरकडे गेले. बॅट त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "आम्ही मॅच सोडतोय." त्यांना आधी कळलं नाही. स्कोअर नऊ-नऊ होता, कोण सोडतं? मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज एवढा चढला की पलीकडच्या टेबलावरचे चेंडू थांबले. समोरच्या जोडीतली एक मुलगी तर मला म्हणाली, "ताई, खेळा ना, असं काय करता?" त्यांनाही जीत अशी नको होती.

सरांनी माझा दंड धरला. "अक्कल आहे का? तिचं आयुष्य आहे हे."

"म्हणूनच," मी म्हटलं. "आणि हात सोडा. नाहीतर तो काटा उचलून तुमच्या डोक्यात घालीन."

त्यांनी सोडला. मी तसं केलं असतं, हे त्यांना कळलं असावं.

वैष्णवी उठून माझ्यापर्यंत आली. कशी आली कोण जाणे. माझ्या टी-शर्टचा गळा तिने मुठीत धरला. त्या मुठीत जोर नव्हता, पण तोंडात होता. "कोण तू ठरवणारी? सरांनी ठरवलेलं चालत नाही आणि तू ठरवलेलं चालतं? माझी मॅच होती ती." मग तिचे गुडघे गेले. मी धरलं तिला. नरेंद्रकाका रांगेतून धावत आले, त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि दोन्ही हातांवर उचललं. लेकीला उचलून ते जागीच थांबले. एवढी हलकी लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बापाला ते तिथे कळलं, सगळ्यांसमोर, आणि मला त्यांचाही राग आला आणि त्यांचं वाईटही वाटलं.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरबाईंनी पाळीचं विचारलं तेव्हा काका बाहेर गेले. बाई म्हणाल्या, हाडांपर्यंत गेलंय हे, काही महिने खेळायचं नाही, आणि खायचं. वैष्णवी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खोलीत आहे हे तिला माहीत होतं.

मॅच मी टाकली, असं झालं. हॉलमध्ये सगळ्यांना तेच सांगितलं गेलं, उन्नतीचा धीर सुटला म्हणून जोडीदारणीचं वाटोळं केलं. मला हॉलचं दार बंद झालं. त्याचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते याचं की काटा अजून तिथेच आहे. पुढच्या शनिवारीही पोरी बूट काढून रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे आईबाप बाहेर गाड्यांवर बसून वाट बघत होते. एवढं सगळं डोळ्यांनी बघून. लाल मॅट आता दुसऱ्या कुणाला मिळते.

वैष्णवीने माझे फोन घेतले नाहीत. मेसेज वाचायची, उत्तर द्यायची नाही. मीही मग बंद केले. मी चिडले होते. कोणी म्हणेल, आजारी मुलीवर कसलं चिडायचं. पण चिडले होते. मीही शिबिराला जाणार होते ना. नऊ-नऊ माझेही होते. ते कोणाच्याच लक्षात नाही.

मग एका रविवारी बकुळाकाकूचा फोन आला. "ये जेवायला. मटण केलंय. ती काही बोलली नाही, मीच बोलावतेय."

मी गेले. गल्लीच्या तोंडाशी बॅनर नव्हता, नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. काकांनी उतरवला असावा. आत वैष्णवी पाटावर बसलेली. गालांवर थोडा रंग आला होता. माझ्याकडे बघून तिने मान वळवली आणि तरी बाजूला सरकून मला जागा दिली. आम्ही जेवायला बसलो. काका कामावर होते. काकूने दोघींना सारखं वाढलं, भाकरी, रस्सा, भात, आणि भाताचं पातेलं आमच्यामध्ये ठेवून ती पाणी भरायला गेली.

वैष्णवी जेवत होती. हळू, एकेक घास बघून, पण जेवत होती. ताटातला भात संपला. पातेल्यात भात होता, वाफ येत होती. तिने पळीकडे हात नेला.

आणि थांबली. आणि माझ्याकडे बघितलं.

तेच बघणं. टाइमआउटमधलं. फक्त सरांच्या जागी मी होते.

माझ्या डोक्यात एकदम राग गेला. तिच्यावर नव्हता तो. तिच्या आत जो कोणी काटा लावून बसला होता, आणि आता खुर्चीवर मला बसवू पाहत होता, त्याच्यावर होता.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं.

"बघत नाहीये."

"बघतेयस. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. माझं काय जातंय? भूक तुझी आहे."

ती म्हणाली, "तरी तू चुकलीसच. नऊ-नऊ होता."

"चुकले असेन."

"मी मारला असता तो."

"मारला असतास."

तिचा हात अजून पळीजवळ तसाच होता, हवेत. मी माझं ताट उचललं, जागेवरच वळले आणि भिंतीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून जेवू लागले. समोर पोपडे आलेला निळा रंग होता. मी रस्सा भुरकत होते, मुद्दाम मोठ्याने. बराच वेळ मागे काही झालं नाही.

मग पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने अजून एकदा.

मी वळले नाही.